नंबर नसलेले चष्मे

काकांनी उभ्या आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. कुणी स्क्रूचा आकार विचारो, कुणी काचेवर ओरखडे उठतात म्हणून शिव्या घालो, कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत काका पाकीट चिकटवून मोकळे होत. त्या हजारो पत्रांना उत्तर नसतं गेलं तरी जगाचं फारसं काही बिघडलं नसतं. जिथं बिघडणार होतं, तिथंच नेमकी त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. चौदा महिने.

पत्र चष्मेवालीचं होतं. पाकिटावर तिचं खरं नाव असायचं, पण पत्राखाली ती 'तुमची चष्मेवाली' अशीच सही करी, म्हणून काकांच्या मनात ती तेवढीच होती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगराळ मुलखात ती गावोगाव फिरून काकांच्या घराण्याच्या कारखान्यातले जवळचं दिसायचे चष्मे विकायची. नऊ वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालला होता, दोघांचीही नसलेल्या एका तिसऱ्या भाषेत. दोघंही शेजारी शब्दकोश ठेवून लिहीत. तिचा शब्दकोश जुना असावा, कारण काही शब्द तिच्या पत्रात फारच भारदस्त येत. काकांना ते आवडे. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण अलीकडच्या नऊ वर्षांत त्यांना, म्हणजे कारखान्याला नव्हे, खुद्द त्यांना, 'तुमची तब्येत कशी आहे' असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या पत्रात तिने चाळीस चष्मे मागवले होते. त्या मुलखातल्या बायका विणतात, शिवतात, धान्य निवडतात. चाळिशी लागली की सुईचं नाक दिसेनासं होतं, हातातलं काम सुटतं आणि मग खाणीवर दगड फोडायला जावं लागतं. एका साध्या चष्म्याने त्यांची आणखी वीस वर्षं हातातल्या कामावर निघतात, असं तिने लिहिलं होतं. ती स्वतः त्यातलीच. पुढे चाळीसाचे चारशे झाले. टोपल्या घेऊन फिरणाऱ्या आणखी अकरा बायका तिने तयार केल्या. दर पत्रात एखादी नवी खबर असे. अमकीने स्वतःचं शिवणयंत्र घेतलं, तमकीच्या घरावर पत्रा आला. काका त्या खबरा दोनदोनदा वाचत आणि उत्तरात लिहीत, 'वाचून समाधान वाटले.' याहून जास्त काही लिहायचं त्यांना धाडस झालं नाही.

आणि मग ते पत्र. दोन पानी.

'तुमच्या नावाचा ट्रक आमच्या बाजारात आला आणि चष्मे फुकट वाटून गेला. लोकांनी दोन्ही हातांनी घेतले. मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतले असते. पण एकाही चष्म्यावर नंबर नव्हता. ज्याला दीड लागतो त्याने तीनचा लावला. आठ दिवसांत डोकी दुखायला लागली. आता लोक म्हणतात, चष्म्याने डोळे जातात. तुमचे चष्मे आणि माझे चष्मे सारखेच दिसतात, कारण ते सारखेच आहेत. माझ्याकडून आता कोण घेणार? अकरापैकी सात जणी परत खाणीवर गेल्या. फुकट देणारा दुसऱ्या दिवशी गावात नसतो. माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला तर मी तिथंच असते. आम्हाला दान नको, असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्याची आमची ऐपत नाही. मी एवढंच विचारते, की पुढच्या वेळी पाठवण्याआधी तुम्ही मला विचाराल का?'

प्रश्न एका ओळीचा होता. 'हो' लिहायचं तर थोरल्या भावाला, दादांना विचारायला हवं होतं, कारण कारखाना दादांच्या शब्दावर चाले. 'नाही' लिहायला हात धजेना. आज विचारू, उद्या विचारू, असं करता करता आई आजारी पडली, मग गेली, आणि काकांना गप्प बसायला एक सभ्य कारण मिळालं. पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं. रोज हात लागायचा.

रविवारी सकाळी दहाला सगळे पॅकिंगच्या खोलीत जमले. घर वरच्या मजल्यावर, कारखाना खाली, आणि पाच माणसं पाय न अडकता बसतील असं टेबल सगळ्या इमारतीत तेवढं एकच. एरवी त्याच्यावर चष्मे पुसून, घड्या घालून खोक्यांत भरले जात. आज मधोमध चहाची किटली, बिस्किटांची बशी आणि एक टाइप केलेला कागद.

ताई, म्हणजे सगळ्यात थोरली बहीण, पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. वय एकोणऐंशी, पण जीभ तिशीतली.

"एवढं मोठं टेबल आणि बिस्किटं पाच," त्या बसता बसता म्हणाल्या. "मोजून आणलीस का गं?"

"तुमची साखर वाढलीय ना, वन्सं," दादांच्या बायको, वहिनी म्हणाल्या.

"साखर वाढलीय. भूक कमी झालीय असं कोण म्हणालं?"

दादांनी घसा खाकरला. ते शहात्तरचे होते, काकांपेक्षा पाच वर्षांनी मोठे, आणि घसा खाकरला की खालची यंत्रंसुद्धा हळू चालतात असं कामगार म्हणत. "वाच रे," ते मुलाला म्हणाले.

पुतण्याला सगळे मॅनेजर म्हणत. आधी ताई थट्टेनं म्हणायच्या, मग तो खराच मॅनेजर झाला आणि थट्टा तशीच राहून गेली. त्याने कागद वाचला. आजीला जाऊन वर्ष होतंय, त्यानिमित्त तिच्या नावाने पन्नास हजार चष्मे गरजूंना विनामूल्य. गेल्या वेळी कारखान्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा पाठवले तसेच, त्याच मुलखात, त्याच माणसांमार्फत. ट्रकवर आजीचा फोटो.

"कुठले चष्मे?" ताईंनी विचारलं.

"गोल तपकिरी, आत्या."

"ते तर तीन वर्षं कुणी घेत नाहीये."

"इथं घेत नाही. तिथं घेतील."

"म्हणजे गोदाम रिकामं आणि पुण्य पदरात."

"एका दगडात दोन पक्षी, आत्या. त्यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही. दगड कुणाला लागतो तेवढं बघ."

"ताई," दादा म्हणाले, "आईच्या नावाने होतंय. फाटे फोडू नकोस."

आईचं नाव निघालं तशी ताईंनी पेन ओढून सही केली. दादांनी सही केली. वहिनींनी केली, जरा तिरकी, पण मन लावून. गेल्या वेळचं सगळं पॅकिंग त्यांनी उभं राहून करून घेतलं होतं. महिनाभर पाय सुजले होते, तरी त्या खूश होत्या. लग्न होऊन आल्यापासून कारखान्यातलं पहिलं मोठं काम त्यांच्यावर सोपवलं गेलं होतं. मग मॅनेजरने सही केली आणि कागद काकांच्या पुढ्यात सरकवला.

वडिलांनी नियमच घालून दिला होता. कारखान्याचं नाव बाहेर कुठल्याही मोठ्या कामाला लावायचं तर पाचही भागीदारांच्या सह्या हव्यात. एक कमी असेल तर ते काम होणार नाही. आई गेल्यावर तिचा भाग वहिनींकडे आला होता. आजवर पाचवी सही कधी अडली नव्हती. काकांची तर कुणी वाटही पाहत नसे. कागद त्यांच्या पुढ्यात सरकवायचा आणि बोलत राहायचं, परत येतो तेव्हा सही झालेली असायची.

आत्ताही ताई आणि मॅनेजर गाड्यांच्या वेळांबद्दल बोलायला लागले होते. काकांनी पेन उचललं. टोपण काढलं. मग टोपण लावलं.

"काका, तिथं खाली," मॅनेजर म्हणाला. "बाबांच्या सहीच्या शेजारी."

"दिसतंय," काका म्हणाले. आणि मग ओठातल्या ओठात, "मला आधी एक पत्र वाचायचंय."

"काय?"

"एक पत्र. वाचायचंय."

"पुस्तक्या," ताई म्हणाल्या, "सही करायला बोलावलंय तुला, वाचनालयात नाही."

पण काकांनी खिशातून दोन पानं काढली होती. त्यांनी ती टेबलावर पसरून कोपरांनी दाबली आणि वाचायला लागले. ओळ वाचायची, मनात तिचा अर्थ लावायचा, मग घरच्या भाषेत सांगायची. मध्ये दोनदा शब्द अडला. कुणी मदत करू शकत नव्हतं. 'फुकट देणारा दुसऱ्या दिवशी गावात नसतो' या वाक्याशी त्यांचा आवाज इतका खाली गेला की दादांना पुढे वाकावं लागलं.

वाचून झालं.

"हे कधी आलं?" दादांनी विचारलं.

"चौदा महिने झाले."

"चौदा महिने."

"आईचं दुखणं मध्ये..."

"आईला मध्ये आणू नकोस. चौदा महिने तू माझ्यासमोर जेवलास, भाऊ."

दादा त्यांना 'भाऊ' क्वचितच म्हणत, आणि म्हणाले की ते मायेनं नसे.

मॅनेजरने सुस्कारा सोडला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त गोष्टी पुढे सरकलेल्या आवडत. "हे बघा काका, एका बाईचा धंदा बसला, मला वाईट वाटतं. पण एकीकडे ती एक बाई आणि तिच्या अकरा जणी, दुसरीकडे पन्नास हजार माणसं. ज्याला खायची भ्रांत आहे त्याला चष्मा फुकट मिळत असेल, तर त्याने तिच्याकडून विकत घ्यावा असं आपण सांगायचं? आणि खरं सांगू, धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे?"

"ते दात मोजत नाहीयेत," काका म्हणाले. "त्यांची डोकी दुखतायत."

ताई हसल्या. काकांनी विनोद केला नव्हता.

त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. खोलीत बसून चौदा महिने त्यांनी या विषयावरची तीन जाडी पुस्तकं वाचली होती, दानाने काय होतं आणि धंद्याने काय होतं यावरची, आणि दोन्ही बाजूंचं सगळंच पटून आणखी गोंधळले होते. आता त्यातलं एक अक्षर आठवेना. "ती जे विकते ना," ते म्हणाले, "ते म्हणजे, चष्मा नाही नुसता. ती उद्या येते. म्हणजे, ती तिथंच असते. आणि त्या बायका खाणीवरून सुटल्या होत्या त्या चष्मा घालून नव्हे, चष्मे विकून. आपण चष्मा दिला आणि... आणि ते काढून घेतलं."

"पुस्तकातलं बोलू नकोस," दादा म्हणाले.

"पुस्तकातलं नाहीये."

"आईच्या नावाने मग काय करायचं म्हणतोस? विकायचं? आईच्या नावाने दुकान मांडायचं?"

"आई विकतच होती, दादा," काका म्हणाले.

हे मात्र त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. पण म्हटल्यावर सगळ्यांनाच ती दिसली असावी. खालच्या मजल्यावर, दाराशी, शिवणाच्या यंत्राशेजारी. वडिलांनी पहिला चष्मा तिच्यासाठी घासला होता, आणि तिने दुसरा शेजारणीला विकला होता. सुईत दोरा ओवून दाखवल्याशिवाय ती कुणाला चष्मा देत नसे. गिऱ्हाईक पैसे पुढे करी, आई सुई पुढे करी. ओवला गेला नाही तर दुसरा नंबर, नाही तर तिसरा. एका म्हाताऱ्या शिंप्याला तिने चार वेळा परत पाठवलं होतं.

"एक मिनिट," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मला एक कळत नाहीये. आपल्या प्रत्येक काचेवर स्टिकर असतो. नंबर त्याच्यावर असतोच असतो. मग त्या बाईला एकाही चष्म्यावर नंबर कसा दिसला नाही?"

मॅनेजरने काकांकडे पाहिलं. काका टेबलाच्या कडेकडे पाहत होते, जिथं वर्षानुवर्षांच्या गोंदाचे थेंब वाळून पिवळे झाले होते.

"ते माझ्यामुळं झालं," काका म्हणाले. "पाठवणीची कागदपत्रं माझ्याकडे होती. मी बघायला हवं होतं. माझ्याच हातून..."

"भावजी," वहिनी म्हणाल्या.

"नाही, वहिनी, खरंच माझ्या..."

"भावजी, मला वाचवू नका."

वहिनींनी हातातला रुमाल टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. "त्या स्टिकरवर किंमत असते. वर नंबर, खाली किंमत. मी म्हटलं, भेट द्यायची तर किंमत ठेवून कशी द्यायची? आपण कुणाला काही देतो तेव्हा किंमत काढूनच देतो ना. बरं दिसत नाही. म्हणून बायकांना बसवून सगळे स्टिकर काढायला लावले. आठ दिवस लागले. गोंदाचे डाग स्पिरिटने पुसून घेतले, एकावरही ठेवला नाही." त्या थांबल्या. "आणि खोकी रंगावर लावली. निळे निळ्यांत, लाल लालांत. उघडल्यावर छान दिसावं म्हणून."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. रडणाऱ्याला काय म्हणायचं ते माणसाला ठाऊक असतं.

"आई," मॅनेजर म्हणाला, "तुला कुणी सांगितलं नाही, की नंबर..."

"कोण सांगणार? तू बाहेरगावी होतास. हे कधी या खोलीत येत नाहीत."

"मी आलो होतो," काका म्हणाले.

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. हीच ती गोष्ट, जी पत्रातही नव्हती आणि जिच्यामुळं पत्राला उत्तर गेलं नव्हतं.

"तिसऱ्या दिवशी मी या खोलीत आलो होतो. दारात उभा होतो. बायका स्टिकर काढत होत्या. मला तेव्हाच कळलं. नंबर जातोय, हे मला तेव्हाच कळलं. पण वहिनी इतक्या... त्या गाणं गुणगुणत होत्या. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आत्ता नको, चहाच्या वेळी सांगू. चहाच्या वेळी दादा होता. मग वाटलं, तिकडे कुणीतरी बघून देईलच." त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. "मी डोळ्यांवर कातडं ओढलं. तिच्या सात बायका खाणीवर गेल्या, त्या मला कुणाला दुखवायचं नव्हतं म्हणून."

ताईंनी बिस्किटांची बशी बाजूला सरकवली.

वहिनींनी हात लांब करून कागद स्वतःकडे ओढला. काकांच्या हातातलं पेन घेतलं. आपल्या तिरक्या सहीवर त्यांनी एक रेघ मारली, मग आणखी एक, आणि पेन काकांना परत दिलं. दादांकडे पाहिलं नाही.

दादा उठले. "आईच्या नावाने एक चष्मा तुम्हाला देता येत नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. चहा न घेता ते जिन्याकडे गेले. पायऱ्या चढताना मध्ये थांबल्याचा आवाज आला, मग पुन्हा चढल्याचा.

"बाबांना मी समजावतो," मॅनेजर म्हणाला. कागदाची त्याने चार घड्या घातल्या. "पण काका, चौदा महिने म्हणजे... ती बाई अजून त्या धंद्यात असेल तरी का?"

काकांनी पत्राची दोन पानं घडी घालून खिशात ठेवली.

ताई दुपारच्या गाडीने परत निघाल्या. काका त्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "मीही तुला पत्रं लिहायचे, पुस्तक्या. हे गेले तेव्हा वर्षभर लिहीत होते. आठवतंय?"

"मी प्रत्येकाला उत्तर दिलंय, ताई."

"दिलंस की. त्याच दिवशी. 'इकडे हवा बरी आहे, पाऊस अजून नाही.' तुझ्या उत्तरांवरून मी पंचांग केलं असतं." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "त्या बाईला हवापाणी कळवू नकोस म्हणजे झालं."

रिक्षा गेली. काका थोडा वेळ तिथंच उभे राहिले. रविवारची गल्ली, बंद दुकानांच्या फळ्या, एका फळीवर उन्हात झोपलेलं मांजर. सत्तर वर्षं याच गल्लीत, आणि आत्ता कुणाकडे जाऊन बसावं असं एकही दार त्यांना आठवेना.

खोलीत येऊन त्यांनी कोरा कागद घेतला, कारखान्याचा छापील नव्हे, साधा. मायना लिहिला. मग नेहमीप्रमाणे 'आम्ही' लिहिलं आणि अडले. आम्ही म्हणजे कोण? दादा माडीवर दार लावून बसले होते. मॅनेजरच्या मनात अजून पन्नास हजार होते. त्यांनी तो कागद फाडला. दुसऱ्यावर 'मी' लिहिलं. त्या एका अक्षराकडे ते बराच वेळ बघत राहिले. इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात ते त्यांनी कधी वापरलं नव्हतं. आणि तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दादांची परवानगी मुळात लागतच नव्हती.

वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा अर्धं पान झालं होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या. या खोलीत त्या सहसा येत नसत. पुस्तकांमुळं बसायला जागा नव्हती.

"केवढी असेल हो ती?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे. कधी विचारलं नाही."

"नऊ वर्षांत?"

काकांनी मान हलवली.

"यांना पत्र पटलंय," वहिनी म्हणाल्या. "म्हणून जेवले नाहीत. पटलं नसतं तर जेवून भांडले असते." मग कपाकडे बघत, "लिहा, स्टिकर मी काढायला लावले. माझं नाव घालून."

"मी लिहिलंय, माझ्या लक्षात आलं होतं आणि मी..."

"तेही राहू द्या. हेही लिहा. मला तुमच्या पत्रात लपायचं नाही."

त्यांनी लिहिलं. वहिनींनी ते वाक्य घरच्या भाषेत वाचून घेतलं, मान डोलावली, आणि कप न उचलताच गेल्या.

पत्र संध्याकाळपर्यंत पुरं झालं. एकच पान. शब्दकोश चार वेळा उघडावा लागला.

'तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला चौदा महिने लागले. याचं कारण आजारपण किंवा काम नव्हे, लाज हे आहे. चष्म्यांवरचे स्टिकर माझ्या वहिनींनी काढायला लावले, कारण भेटीवर किंमत दिसू नये असं त्यांना वाटलं. नंबर जातोय हे मी पाहिलं आणि बोललो नाही. तुमच्या सात जणी खाणीवर गेल्या त्यात माझा वाटा आहे.

तुम्ही विचारलंत, पुढच्या वेळी मला विचाराल का. आमच्या घरात असं काही पाठवायचं तर पाच सह्या लागतात. त्यातली एक माझी असते. तुम्हाला विचारल्याशिवाय मी ती करणार नाही. बाकी चौघांबद्दल मी शब्द देऊ शकत नाही. पण माझी सही नसली तर काही जाणार नाही, म्हणून हे उत्तर 'हो' असं आहे. ते मला पहिल्याच दिवशी देता आलं असतं.

तुम्ही अजून चष्मे विकता की नाही, मला माहीत नाही. विकत असाल तर कोणते नंबर हवेत ते कळवा. विकत नसाल तरीही कळवा. तुमची तब्येत कशी आहे?'

सोमवारी भोंग्याच्या आधी दादा काकांच्या दारात येऊन थांबले. दाढी केलेली, अंगावर कारखान्याचा निळा कोट. रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

"लिहिलंस?"

"लिहिलं. वाचून दाखवू?"

"नको." त्यांनी चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढला. "कुठल्या नंबरचे हवेत ते विचार तिला."

"विचारलंय."

"मी हो म्हटलंय असं लिहू नकोस."

"नाही लिहिलं. मी एकट्याच्या नावाने लिहिलंय."

"एकट्याच्या," दादा म्हणाले. आणखी काही बोलतील म्हणून काका थांबले. पण खाली भोंगा झाला, आणि दादा जिना उतरून गेले.

पोस्टात खिडकीपाशी तिघं होते. काका रांगेत उभे राहिले. कारखान्याची पत्रं एरवी गठ्ठ्याने जात. गठ्ठा शिपाई आणायचा. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं.

"पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. शिक्का मारायचा राहिला का?"

"शिक्का नको. हाताने लिहितो."

त्यांनी कोपऱ्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग खाली पत्ता. नाव लिहिताना जागा पुरेल की नाही याचा अंदाज चुकला आणि शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसली.

"तीन आठवडे लागतील," बाई म्हणाल्या. "पत्ता बदलला असेल तर परत येईल. त्याला आणखी तीन."

"चालेल," काका म्हणाले.

बाईंनी तिकिटांवर ठप्पा मारला, दोनदा, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. ते आत पडल्याचा आवाज झाला नाही, पोतं अर्धं भरलेलं होतं. काका तरीही खिडकीपाशी उभेच राहिले, तेव्हा मागचा माणूस म्हणाला, "झालं ना, आजोबा?"

"हो," काका म्हणाले, आणि बाजूला झाले.